अमेरिकेत कॉलेजची तयारी नववीपासून

दहावी-बारावी आली की क्लास लावायचे, टीव्ही बंद करायचा, ही आपली रीत. इथे रुळलेले मराठी आईवडील नव्यांना आधी सांगतात ते हे, की अमेरिकेत बोर्डाची एकच मोठी परीक्षा नसते. नववीपासूनचा प्रत्येक विषय ट्रान्सक्रिप्टवर चढतो आणि अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात. म्हणजे नववी ते अकरावीचे गुणच मुख्यतः पाहिले जातात.

सगळ्यात जास्त फटका गणितात बसतो. पुण्याहून नववीत आलेल्या मुलाला शाळा अनेकदा अल्जेब्रा १ मध्ये बसवते. त्यातलं बरंचसं त्याचं झालेलं असतं. पुढे जॉमेट्री, अल्जेब्रा २, प्रीकॅल्क्युलस करता करता बारावी संपते आणि कॅल्क्युलस राहून जातं. इंजिनिअरिंगला जायचं असेल तर ही उणीव मोठी. म्हणून प्रवेश घेतानाच काउन्सेलरकडे प्लेसमेंट टेस्ट मागा. जुन्या गुणपत्रिका, अभ्यासक्रम, जमलं तर पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिकाही सोबत न्या. न्यू जर्सीतल्या एका आईचं सांगणं: "शाळेचा निरोप येईल म्हणून थांबू नका. आपण विचारलं की ते नीट ऐकतात." पुढे काउन्सेलरकडे मुलालाच जाऊ द्या, कारण त्याच्याबद्दल कॉलेजला लिहिणार तेच.

परीक्षांचा नियम सगळीकडे सारखा नाही. एमआयटीने २०२२ मध्ये एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट परत आणली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया प्रवेशासाठी हे गुण बघतच नाही. आधी कॉलेजांची यादी करा, मग क्लासचे पैसे भरा.

कॉमन अ‍ॅप, म्हणजे अनेक कॉलेजांसाठीचा एकच ऑनलाइन अर्ज, १ ऑगस्टला उघडतं. त्यात दहा उपक्रम लिहिता येतात. ढोल-ताशा पथक, मराठी शाळेत लहानांना शिकवणं, आई कामावर असताना धाकट्याला सांभाळणं, हे सगळं तिथे मोजलं जातं. आपली मुलं नेमकं तेच लिहायचं टाळतात. ६५० शब्दांचा निबंध मात्र त्यांचा त्यांनाच लिहू द्या. आईबापांनी घासूनपुसून दिलेला निबंध वाचणाऱ्याला कळतो.

व्हिसाचं बोलणं लांबवू नका. आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसामुळे मिळालेल्या एच-४ वरच्या मुलांना फाफ्सा या अर्जातून सरकारी मदत मिळत नाही, आणि एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो. तोवर ग्रीन कार्ड आलं नाही तर बहुतेकांना एफ-१ हा विद्यार्थी-व्हिसा घ्यावा लागतो. राज्याच्या विद्यापीठात एच-४ असताना स्थानिक फी लागू होते का, आणि एफ-१ घेतल्यावर ती टिकते का, हे दोन्ही प्रश्न अर्ज करण्याआधी त्या विद्यापीठाला ईमेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.