खाणीतील आम्ल पाणी आणि त्याचे शुद्धीकरण

दक्षिण आफ्रिकेच्या म्पुमलांगा प्रांतात एमालाह्लेनी नावाचे शहर आहे. ‘कोळशाचे ठिकाण’ असा ह्या नावाचा अर्थ होतो. २००६ पूर्वी ते विटबँक ह्या नावाने ओळखले जाई. ह्या शहरापुढे दोन परस्परविरोधी अडचणी एकाच वेळी उभ्या राहिल्या. जमिनीखालच्या कोळशाच्या खाणींत पाणी साचत चालले होते आणि जमिनीवरच्या नागरिकांना पिण्याचे पाणी पुरत नव्हते. मग खाणीतलेच पाणी नळांत का सोडू नये? ह्याचे उत्तर मिळण्यासाठी ते पाणी बिघडते कसे, हे आधी पाहिले पाहिजे.

कोळशाच्या थरांत पुष्कळदा पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज आढळते. खडकात हवेपासून दूर असेपर्यंत ते निरुपद्रवी असते. खाण खणली की प्राणवायू व पाणी त्याच्यापर्यंत पोहोचतात आणि लोहाचे क्षार व गंधकाम्ल तयार होतात. एरवी मंद चालणाऱ्या ह्या क्रियेचा वेग काही सूक्ष्मजंतू फार वाढवितात; असा एक जंतू १९४७ मध्ये कोलमर व हिंकल यांनी अमेरिकेतील खाणीच्या पाण्यात शोधून काढला. हे आम्ल पाणी पुढे खडकांतील मँगनीज, अ‍ॅल्युमिनियम इत्यादी धातूही आपल्यात विरघळवून घेते. खाण बंद झाली तरी पायराइट शिल्लक उरते. म्हणून ही क्रिया अनेक दशके चालू राहू शकते.

शुद्धीकरणाची पहिली पायरी म्हणजे चुना. चुन्यामुळे आम्लता नाहीशी होते, आणि पाण्यात हवा खेळविली की लोह तांबूस साक्याच्या रूपाने तळाशी बसते. चुन्यातील कॅल्शियम व पाण्यातील सल्फेट यांच्या संयोगाने जिप्समही वेगळे होते. परंतु येथे एक मर्यादा आड येते. जिप्सम दर लिटर पाण्यात सुमारे २ ग्रॅम विरघळते. म्हणून केवळ चुन्याने सल्फेटचे प्रमाण लिटरमागे हजार मिलिग्रॅमच्या खाली आणणे कठीण जाते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते २०० मिलिग्रॅमपर्यंत, व दुसरा जलस्रोत नसल्यास ४०० मिलिग्रॅमपर्यंतच चालते. असे पाणी खाणीतील धूळ दाबण्यास किंवा कोळसा धुण्यास उपयोगी पडेल, पिण्यास नव्हे. नितळ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही, हे ह्यावरून ध्यानी येईल.

ह्यापुढची पायरी व्यस्त तर्षणाची होय. गाळलेले पाणी मोठ्या दाबाखाली सूक्ष्म पटलातून ढकलले असता पाणी पलीकडे जाते व बहुतेक क्षार अलीकडे राहतात. घरातील ‘आर.ओ.’ यंत्राचे तत्त्व हेच. मागे उरलेल्या द्रावणात क्षार दाटतात. म्हणून त्यातून जिप्सम पुन्हा वेगळे करता येते आणि उरलेले पाणी पुन्हा पटलातून नेता येते. २००७ मध्ये एमालाह्लेनी येथे सुरू झालेल्या केंद्रात हाच क्रम टप्प्याटप्प्याने योजिला आहे. त्यामुळे तेथे जवळजवळ सर्व पाणी परत मिळते. आरंभी ह्या केंद्राची क्षमता दररोज सुमारे २.५ कोटी लिटर होती. पुढे ती वाढविण्यात आली. शुद्ध झालेले पाणी नगरपालिकेस पुरविण्यात आले, खाणींच्या कामीही आले, आणि जिप्समपासून घरबांधणीचे साहित्य बनविण्यात आले.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मेघालयातील जैंतिया टेकड्यांत कोळशाच्या खाणींमुळे नद्यांचे पाणी आम्ल झाले. तेथील अरुंद बिळांच्या पद्धतीच्या खाणकामावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये बंदी घातली. तथापि बंदीने नवे खोदकाम थांबते, जुन्या बिळांतून झिरपणारे आम्ल थांबत नाही. चुना, वीज व पटले यांचा खर्च वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. म्हणून तो कोणी सोसावयाचा, हे कोळसा निघत असतानाच ठरले पाहिजे. खाण ओस पडल्यावर तो भार नदीकाठच्या गावांवर येऊन पडतो.