विमान रद्द झाले तर : बदनापूर भागातून परदेशी जाणाऱ्यांसाठी

बदनापूर, जालना, अंबड भागातून जाऊन परदेशी स्थिरावलेल्या कुटुंबांना आम्ही नव्या मंडळींसाठी चार शब्द लिहायला सांगितले होते. भाड्याचे घर, बँक, मुलांची शाळा यांवर जवळपास काहीच आले नाही. रद्द झालेल्या विमानावर मात्र सगळ्यांनाच बोलायचे होते.

म्युनिकहून

विमान कुठून निघाले आणि कोणी उडवले, हे आधी पाहा. युरोपीय संघातून निघणारे विमान कोणत्याही कंपनीचे असो, त्याला २६१/२००४ हा नियम लागू. भारतातून येताना कंपनी युरोपीय असेल तरच. फ्रँकफर्ट-मुंबई एअर इंडियाने गेलात तर हक्क आहे, मुंबई-फ्रँकफर्ट एअर इंडियाने आलात तर नाही, लुफ्तान्साने आलात तर आहे.

उड्डाणाला १४ दिवसांपेक्षा कमी अवधी असताना कळवले, तर ३,५०० किलोमीटरच्या पुढच्या प्रवासाला माणशी ६०० युरो. पर्यायी विमानाने चार तासांहून कमी उशिरा पोचवले तर निम्मे. तिकिटाचा परतावा किंवा पर्यायी विमान हा वेगळा हक्क, भरपाई त्याखेरीज. तिकीट काढलेल्या मुलालाही तेवढीच रक्कम. वादळ किंवा हवाई नियंत्रकांचा संप असेल तर भरपाई नाही, पण खोळंबलेल्यांचे जेवण आणि हॉटेल कंपनीकडेच. तांत्रिक बिघाडाची सबब सहसा चालत नाही, युरोपीय न्यायालयाने २००८ मध्येच ती फेटाळली आहे.

अर्ज कंपनीच्या फॉर्मवर. सोबत बुकिंग क्रमांक, रद्द झाल्याचा संदेश, खर्चाच्या पावत्या. जर्मनीत दाव्याची मुदत प्रवासाचे वर्ष संपल्यापासून तीन वर्षे. पैसे मिळवून देणाऱ्या एजन्सी मोठा वाटा कापतात, म्हणून आधी स्वतः अर्ज करा.

लंडनहून

नियम वर आलेच आहेत. आमच्याकडे ६०० युरोंच्या जागी ५२० पौंड, बाकी बरेचसे तेच. मी सांगणार आहे ते प्रत्यक्षात काय होते ते.

दिवाळीला सासूबाईंना घेऊन निघालो होतो. त्यांच्या शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत, बॅग आत गेलेली, आणि पडद्यावर ‘रद्द’. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून व्हाउचर पुढे केले. रांगेतल्या निम्म्या लोकांनी ते घेतलेही. मी म्हटले, मला व्हाउचर नको, आज झोपायचे कुठे ते सांग. तेव्हा कुठे हॉटेलचा विषय निघाला.

पुढे नुसती पत्रापत्री. पहिल्या उत्तरात कारण ‘परिचालन’, दुसऱ्यात हवामान. हवामान? शेजारच्या गेटवरून विमाने उडत होती, वेळेसकट फोटो होते माझ्याकडे! तिसऱ्या उत्तरात म्हणे फाइल बंद. ओळखीचे सगळे म्हणाले, सोडून द्या. का सोडायचे? पैसे काय झाडाला लागतात? अमुक तारखेपर्यंत रक्कम आली नाही तर छोट्या दाव्यांच्या न्यायालयात जाते, असे लिहिले, तेव्हा पैसे आले. माफीचा शब्द नाही. व्हाउचर घेऊ नका, आणि फोनवर काही ठरवू नका, सगळे लेखी ठेवा.

टोरँटोहून

नियम इंटरनेटवर सापडतात. माझा प्रश्न वेगळा आहे. आजी विमानतळावर अडकते तेव्हा इथल्या नातवाला तिच्याशी दोन वाक्ये धड बोलता येत नाहीत, ही शरमेची गोष्ट नाही का? गणपतीत ढोल बडवला म्हणजे संस्कृती टिकत नाही. घरात मराठी बोला, मुलांना शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत घाला. आणि आईला बाळंतपणासाठी बोलावताना स्वस्तातले तीन ठिकाणी उतरवणारे तिकीट काढू नका. डिंकाचे लाडू तुम्हाला हवेत, हाल तिने सोसायचे!

(टोरँटोच्या या काकांनी भरपाईवर एकच ओळ लिहिली आहे : कॅनडात मोठ्या कंपनीकडून जास्तीत जास्त १,००० डॉलर, अर्ज वर्षाच्या आत.)

न्यू जर्सीहून

इथे भरपाईचा कायदा नाही. तुम्ही पर्यायी विमान नाकारले तर पूर्ण परतावा, क्रेडिट कार्डावर कामकाजाच्या ७ दिवसांत.

बदनापुरातून, मागे राहिलेल्या भावाकडून

चिकलठाणा-मुंबई आणि पुढचे परदेशी विमान एकाच तिकिटावर घ्या. दोन तिकिटे वेगळी असली आणि चिकलठाण्याचे विमान रद्द झाले, तर पुढची कंपनी हात वर करते. मग रातोरात समृद्धीने गाडी पळवायची, तीही स्वखर्चाने.

देशातल्या विमानाला डीजीसीएचा नियम आहे. आयत्या वेळी रद्द केले तर उड्डाण तासाभराचे असल्यास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५००, त्यापुढे १०,०००. एकेरी मूळ भाडे अधिक इंधन आकार याहून कमी भरले तर तेवढेच. कंपनीने दाद दिली नाही तर एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका, नाहीतर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच ग्राहक आयोगात जाता येते, म्हणजे आपल्याला जालना. मुदत दोन वर्षे, ५ लाखांपर्यंत फी नाही.

पण यात एक मेख आहे. बुकिंग करताना प्रवाशाने संपर्काचा पुरता तपशील दिला नसेल, तर या नियमाने भरपाई मिळत नाही. आपल्याकडे तिकीट काढणारा एजंट बिनदिक्कत स्वतःचा मोबाइल टाकतो. विमान रद्द झाल्याचा संदेश त्याच्या फोनवर येतो, आणि आई-बाबा चिकलठाण्याच्या दारात पापड-कुरडयांच्या पिशव्या घेऊन उभे असतात. आई-बाबांचे तिकीट हातात आले की त्यावरचा नंबर तपासा, आणि एजंटचा असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.