‘बापू’ म्हणजे कोण?

बाबांच्या मृत्यूचा दाखला हातात आला त्या दिवशी मी तो वाचलाच नाही. शिक्का पाहिला, तारीख पाहिली आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. आठ दिवसांनी बँकेतल्या बाईंनी तो पासबुकाशेजारी ठेवला, दोन्हींवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ताई, हे बापू कोण?”

बापू म्हणजे आमचे बाबाच. अख्खं गाव त्यांना बापू म्हणायचं. पण आधार, पासबुक, सातबारा, सोसायटीचं कर्ज, सगळीकडे त्यांचं कागदोपत्री नाव आहे. सरकारी दाखल्यावर मात्र ‘बापू’ आणि पुढे आडनाव. माझी आई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिला वाटलं, पैसे मिळायची वेळ झाली. तिला काय सांगावं ते मला सुचेना.

झालं ते असं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यात, पण आम्हाला अकोला जवळ. नोव्हेंबर 2024 मध्ये एका रात्री बाबांच्या छातीत कळ आली आणि चुलतभावाने गाडीत घालून त्यांना अकोल्यातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. खिडकीवर नाव विचारलं, त्याने तोंडात होतं ते सांगितलं. रात्री दीड वाजता, आत काका तडफडत असताना, कोणाला आधार कार्डावरचं नाव आठवतं? तिसऱ्या दिवशी बाबा गेले. संध्याकाळी गावी आणलं, दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर अग्नी दिला.

माती गावात झाली म्हणून दाखला ग्रामपंचायतीतून मिळेल, असं आम्ही धरून चाललो. तीन आठवडे त्यात गेले. शेवटी ग्रामसेवकांनीच सांगितलं, “ताई, बापू अकोल्याले गेले न, मंग दाखला तिकडूनच भेटीन. गावात फक्त जाळलं.” वाक्य लागलं, पण बरोबर होतं. मृत्यूची नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. राहतं घर किंवा स्मशान कुठलं, याला अर्थ नाही. घरी मृत्यू झाला तर कुटुंबप्रमुखाने खबर द्यायची, तीही 21 दिवसांत. माणूस वाटेत गाडीतच गेला तर गाडी पहिल्यांदा थांबेल त्या ठिकाणी. आणि दवाखान्यात गेला तर खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याच्या प्रमुखाची. दवाखान्याची ही जबाबदारी 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलेली आहे. हे मला तेव्हा माहीत असतं, तर पुढची बोलणी मी इतकी मुकाट्याने ऐकून घेतली नसती.

अकोल्याच्या दाखल्यावरचं नाव दुरुस्त करायचं तर आधी दवाखान्याचं पत्र हवं होतं, म्हणून अमरावतीहून मी पाच वेळा त्या दवाखान्यात गेले. साहेब जेवायला गेलेत. सोमवारी या. कागद वर गेलेत. चौथ्या वेळी तिथला माणूस म्हणाला, “नाव तुमच्याच माणसाने सांगितलं. आता आम्हाला काय विचारता?” त्याच्या आवाजात असं काही होतं, की जणू बाबांना आम्हीच चुकीच्या नावाने मारलं. मी फाइल मागितली. नाही म्हणाला. मी तिथून हललेच नाही, तेव्हा त्याने ती काढली. तिसऱ्या पानाला बाबांच्या आधार कार्डाची झेरॉक्स टाचलेली होती, दवाखान्याच्याच शिक्क्याची. भरती केल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनीच ती आईकडून मागून घेतली होती. खरं नाव त्यांच्या फाइलीत होतं, तरी नोंदणीला अहवाल पाठवताना कोणी पान उलटून पाहिलं नाही. मी त्या नावावर बोट ठेवलं. त्याने काही न बोलता फाइल मिटली. “चुकलं” एवढा शब्दही त्याच्या तोंडून निघाला नाही. नातलग आजही म्हणतात, चुलतभावाने नीट सांगायला हवं होतं. मी हे कधीच मान्य करणार नाही.

म्हणून पहिलं सांगणं हे: दवाखान्यातून शव ताब्यात घेताना, कितीही रडू आलेलं असलं तरी, घरातल्या एकाने मृत्यूच्या अहवालाचा कागद मागावा. त्याला नमुना क्रमांक 2 म्हणतात. त्यावरचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय आणि पत्ता आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा. वेलांटीसुद्धा. मृत्यूच्या कारणाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, नमुना क्रमांक 4, तेही तेव्हाच मागा. दाखल्यावर कारण छापलेलं नसतं, कायद्यानेच छापत नाहीत, आणि विमावाले नेमकं तेच विचारतात.

चूक झालीच, तर ती दुरुस्त होते. त्याच कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली अर्ज करायचा. मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही-तारीख टाकतात. चूक नुसत्या लेखनाची नसेल, तर हकीकत माहीत असलेल्या दोन विश्वासू माणसांचं घोषणापत्र लागतं. आमच्यासाठी गावचे निवृत्त मास्तर आणि शेजारचे काका अकोल्यापर्यंत आले, एसटीचे पैसेही घेतले नाहीत. दवाखान्याचं पत्र मात्र तोंडी मागून मिळालं नाही. लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला, तेव्हा सहा दिवसांत मिळालं. कुठलाही अर्ज पोच घेतल्याशिवाय देऊ नका.

बाहेर एक जण भेटला. म्हणाला, तीन हजार द्या, गावातून नवीन नोंद करून देतो, दुरुस्तीची कटकटच नको. आई हो म्हणायच्या बेतात होती. असं करू नका. एका माणसाच्या मृत्यूच्या दोन नोंदी झाल्या, की पुढे वारसांवरच बालंट येतं. खबर देणाऱ्याला नोंदीचा पहिला उतारा विनामूल्य मिळतो, हेही लक्षात असू द्या. धीर धरा, कागद जपून ठेवा, झेरॉक्स जास्त काढा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते.

बाबांचं मार्गी लागत होतं, तोवर तलाठ्याने दुसरं काढलं. निम्मं शेत अजून आजोबांच्या नावावर होतं. आजोबा आणि आजी, दोघांच्याही मृत्यूचा पुरावा पाहिजे. आपल्या वऱ्हाडात जुन्या नोंदी कोतवाल बुकात असतात आणि त्याची नक्कल तहसिलातून काढावी लागते. गाव आणि साल सांगावं लागतं. घरातले सगळे छातीठोकपणे सदुसष्ट म्हणायचे. सदुसष्टच्या पानांत आजोबा नव्हते. मग आईच्या ट्रंकेत, लुगड्याच्या घडीत, तेरवीची पत्रिका सापडली: वैशाख, शके 1890. शकात 78 मिळवले की 1968. त्या सालच्या पानावर आजोबा होते, कारणाच्या रकान्यात ‘ताप’. पत्रिका किंवा वर्तमानपत्रातली निधनवार्ता म्हणजे दाखला नव्हे, पण तारखेचा माग त्यातूनच लागतो. त्या फेकू नका.

आजीची नोंद कुठेच नाही. ती माहेरी गेली होती आणि तिथेच वारली. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी आधी न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागायचा. ऑक्टोबर 2023 पासून तो अधिकार जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे आला. आम्ही अर्ज दिला आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने अशी उशिराची प्रमाणपत्रं देणंच थांबवलं. खोट्या दाखल्यांच्या तक्रारी होत्या, त्यांत अकोला-अमरावतीचीही नावं होती. मार्चमध्ये नवी, कडक पद्धत आली. आता पोलिसांचा अहवालही लागतो. कोणीतरी खोटे कागद केले, त्यासाठी माझ्या आजीने का थांबावं, हे मला अजून कळलेलं नाही. पण थांबलो.

तिला खांदा देणाऱ्यांपैकी एक जण तिच्या माहेरच्या गावात अजून आहेत. पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं, पण तो दिवस त्यांना पुरता आठवतो. सोमवारी त्यांना गाडीत बसवून जबाबासाठी पोलीस ठाण्यात न्यायचं आहे. यावेळी आजीचं कागदोपत्री नाव मी आधीच मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्याजवळ दिलं आहे.