अत्याचारित स्त्री आणि सबलीकरण : ‘पर्पल हिबिस्कस’

नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांच्या ‘पर्पल हिबिस्कस’ (२००३) या कादंबरीतील बिआट्रिसचा विचार करा. पतीची मारहाण सोसल्यावर ती मांडणीवरील नर्तिकांच्या चिमुकल्या मूर्ती पुसत राहते. त्या फुटल्यावर मात्र नव्या आणत नाही. पुढे ती पतीच्या चहात विष घालते. गुन्हा मुलगा जाजा स्वतःवर घेतो व तुरुंगात जातो. ती सत्य सांगते, पण कोणी विश्वास ठेवत नाही. याउलट तिची विधवा नणंद इफेओमा विद्यापीठात शिकवते, निर्भयपणे बोलते आणि मुलांनाही बोलू देते. अत्याचारातून सुटका म्हणजेच सबलीकरण नव्हे, हे ध्यानात घ्या.

स्वयं-अध्ययन प्रश्न : बिआट्रिस मुक्त झाली असे म्हणता येईल काय? सकारण लिहा.