खरखर गेली, पण सोबत काय गेलं?

जुन्या अल्बमची ‘रिमास्टर्ड’ आवृत्ती आली की ती मूळपेक्षा सरसच असणार, असं धरून चालू नये. दोन्ही ऐकत आल्यावर माझं हे मत पक्कं झालं आहे. वसई-विरारमध्ये नाट्यगीतांच्या तबकड्या जपणारी घरं आहेत, तशी रॉकचे एलपी जपणारीही आहेत, आणि फसगत दोघांचीही एकाच जागी होते. नवी आवृत्ती जोरात वाजते, आणि जरा मोठा आवाज कानाला पहिल्या फेरीत नेहमीच चांगला वाटतो. हा मोठेपणा बहुधा कॉम्प्रेशनचा असतो: हळू जागा वर उचलायच्या आणि ठोक्यांची टोकं दाबायची. रॉक गायक इगी पॉपने १९७३चा ‘रॉ पॉवर’ हा अल्बम १९९७ साली नव्याने मिक्स केला. फार जोरात आणि फाटलेला वाजतो म्हणून त्याला आजही नावं ठेवली जातात. मेटॅलिकाच्या २००८च्या ‘डेथ मॅग्नेटिक’वरही हाच आक्षेप आला. त्यातलीच गाणी ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये कमी दाबलेली निघाली, तेव्हा श्रोत्यांच्या तक्रारीला पुरावाच मिळाला.

दुसरं नुकसान सफाईचं. लाखेच्या तबकडीची खरखर वरच्या पट्ट्यांत पसरलेली असते, आणि ‘स’-‘श’ची धार, सारंगीच्या गजाची घासण, तबल्याच्या चाटेवरचा ‘ना’ यांचं तेजही तिथेच असतं. खरखर सरसकट पुसली की तेही पुसलं जातं आणि गायक उशीत तोंड घालून गातोय असं वाटतं. शिवाय सुरुवातीच्या सगळ्या तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर कापलेल्या नव्हत्या. वेग सहा टक्क्यांनी चढला तर काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये पोचतो, आणि आपण तोच त्याचा सूर समजतो.

नव्या पिढीला खरखर सोसत नाही, असं म्हणतात. पण बीटल्सच्या २००९च्या आवृत्तीत ॲबी रोड स्टुडिओच्या तंत्रज्ञांनी ५२५ मिनिटांपैकी जेमतेम पाच मिनिटांच्या संगीतावर आवाज-सफाई वापरली, आणि ती आवृत्ती खपलीही. विरार लोकलमध्ये इयरफोन लावणाऱ्याला बारकावे कुठे कळणार, हा आक्षेप अर्धा खरा आहे. गर्दीत हळू जागा बुडतातच. मात्र त्या वर उचलायची सोय फोनने त्या वेळेपुरती करावी. मास्टरमध्येच छाटलेलं परत आणता येत नाही. दोष डिजिटलचाही नाही. सीडीत एलपीपेक्षा जास्त चढउतार मावतात; ते वापरायचे की नाही, हा माणसाचा निर्णय असतो.

म्हणून विकत घेण्याआधी दोन्ही आवृत्त्यांचा आवाज सारखा करून एकच तुकडा ऐकावा आणि स्वर विरतानाची शेपटी तपासावी. वेष्टनावर मूळ टेप वापरली की तबकडी, हे लिहिलेलं नसेल तर नुसत्या ‘रिमास्टर्ड’ शिक्क्याला भुलू नये. नवी प्रत आली म्हणून जुनी भंगारात देऊ नये. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा तबकड्या उभ्या, कोरड्या आणि ओल येणाऱ्या भिंतीपासून लांब ठेवाव्यात. जाणकार हवा असेल तर १९९०पासून मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ आहे. घरच्या तबकड्या संगणकावर उतरवायच्या असतील, तर पहिली प्रत खरखरीसकट जशीच्या तशी ठेवावी आणि सफाईचे प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत.