आईचं मत घरून, भावाचं माझ्या हातून?

प्रश्न : आई ८२ वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही. घरून मतदान करता येईल का? धाकटा भाऊ लष्करात आहे. त्याचं मत मी देऊ शकते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : २०१९मध्ये ही सोय ८० वर्षांवरील मतदारांना मिळाली होती. मार्च २०२४मध्ये ती अट ८५ वर्षं झाली, म्हणून केवळ वयावर आईंना आता घरून मत देता येणार नाही. मला हा बदल जाचक वाटतो. ८२व्या वर्षी जिना काही सोपा होत नाही. पण दुसरी वाट आहे. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळत असेल, तर वयाची अट नाही. निवडणुकीच्या अधिसूचनेपासून पाच दिवसांत १२-डी अर्ज द्यावा लागतो, म्हणून प्रमाणपत्राच्या मागे आत्ताच लागा. घरून मत देण्यासाठीची टपाली मतपत्रिका मंजूर झाल्यावर मात्र केंद्रावर मत देता येत नाही.

भावासाठी तुम्ही मत देऊ शकता. २००३पासून सैनिकांना प्रतिनिधी नेमता येतो. प्रतिनिधी सज्ञान आणि सैनिकाच्याच मतदारसंघातला रहिवासी हवा. भावाने १३-एफ अर्ज भरावा. त्याचं मत देताना शाई तुमच्या डाव्या मधल्या बोटाला लागेल. तुमचं स्वतःचं मत वेगळं, ते अबाधित. परदेशस्थांना हीच मुभा देणारं विधेयक २०१८मध्ये लोकसभेत मंजूर झालं, पण राज्यसभेत अडकून पुढे बारगळलं.

हे सारं लोकसभा-विधानसभेपुरतं. पालिका, जिल्हा परिषदांचे नियम वेगळे.