पौरुषग्रंथीची बायोप्सी : वेदनाशमन आणि वैद्याचे कर्तव्य

रक्तातील पी.एस.ए. वाढले अथवा ग्रंथी हातास कठीण लागली, की शल्यतज्ज्ञ बायोप्सी सुचवितात. सुईच्या भयाने रुग्ण 'त्याऐवजी काढा द्या' म्हणत आपल्याकडे येतो. अशा वेळी मूत्राघाताची चिकित्सा सुरू करून तपासणी टाळल्यास, कर्करोग असल्यास, मोलाचा काळ निघून जातो. म्हणून रुग्णाचे भय घालवून त्यास तपासणीस पाठविणे हे वैद्याचे पहिले कर्तव्य आहे, असे आमचे मत आहे.

वेदनेचे कारण : गुदमार्गे सोनोग्राफीची नळी घालून सामान्यतः १० ते १२ सूक्ष्म तुकडे घेतात. नळीचा दाब जाणवतो. सुईची वेदना मात्र मुख्यतः ग्रंथीच्या आवरणाजवळील नाड्यांमुळे होते. म्हणून केवळ बधिर करणारी जेली पुरेशी ठरत नाही. ग्रंथीभोवती लिग्नोकेनचे इंजेक्शन देण्याची पद्धत १९९६ साली नॅश व सहकाऱ्यांनी वर्णिली. गुद व वृषण यांमधील त्वचेतून बायोप्सी करताना ती त्वचाही बधिर करतात. या मार्गाने जंतुसंसर्गाचे भय कमी असते.

पूर्वकर्म : वेदना न सोसणाऱ्या मद्यपी रुग्णास शस्त्रकर्मापूर्वी तीक्ष्ण मद्य द्यावे, असे सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या १७ व्या अध्यायात सांगितले आहे. वेदनेचा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही. साधन तेवढे बदलले. 'बधिर करण्याची कोणती सोय आहे?' हा प्रश्न शल्यतज्ज्ञांस विचारण्यास रुग्णास सांगावे. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, तसेच लसूण वा गुग्गुळाचे कल्प चालू असल्यास त्यांची यादी सोबत द्यावी. रक्त पातळ करणारी औषधे रुग्णाने स्वतःहून बंद करू नयेत, आपणही करवू नयेत. औषधविक्रेत्यांनीही ही चौकशी अवश्य करावी.

पश्चात्कर्म : सौम्य वेदनेस पॅरासिटामॉल बहुधा पुरते. काही दिवस मूत्रात व काही आठवडे शुक्रात रक्ताचा अंश दिसू शकतो, हे आधीच सांगितल्यास रुग्ण घाबरत नाही. गुदमार्गे बायोप्सी झाली असल्यास शल्यतज्ज्ञांच्या अनुमतीवाचून बस्ती देऊ नये. मलावष्टंभ टाळावा.

थंडी वाजून ताप, मूत्रावरोध अथवा रक्ताच्या गाठी पडणे ही आत्ययिक लक्षणे होत. अशा वेळी घरगुती उपचारांत एक रात्रही न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. तापाचे काढे देत थांबणे जिवावर बेतू शकते.